बाळाचं हेल्मेट आणि मागे राहिलेले माइलस्टोन: दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं

चपट्या झालेल्या डोक्यासाठी बाळाला हेल्मेट लावायचं ठरलं की घरादाराचं लक्ष त्या हेल्मेटवरच जातं. आज किती तास घातलं, घाम आला का, फोटो कसे येणार, लोक काय म्हणतील. आणि मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे जे खरोखर मागे राहिलंय ते तसंच मागे राहतं. म्हणून आधीच सांगून टाकते, हेल्मेट फक्त कवटीचा आकार सुधारायला मदत करतं, विकास ना त्याने पुढे सरकतो ना त्याने अडतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या फाइली करा, एक डोक्याची आणि एक विकासाची, आणि पैसे, वेळ, अंगातली ताकद यांची ओढाताण झाली (होतेच) तर दुसरी फाइल आधी.

मी डॉक्टर नाही. माझी लेक ३४ आठवड्यांची जन्मली, मान कायम उजवीकडे, डोक्याची मागची उजवी बाजू सपाट, आणि मान धरायलाही उशीर. त्यातून जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं ते क्रमाने लिहितेय.

आधी हे बघा की चपटं का झालंय

बाळाला उताणं झोपवा हा सल्ला अमेरिकेत १९९२ मध्ये दिला गेला, १९९४ मध्ये त्याची मोठी मोहीम झाली, झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं आणि त्याच काळात चपट्या डोक्याची बाळं जास्त दिसायला लागली. म्हणून बाळाला पालथं झोपवायचं असं मात्र अजिबात नाही हं. झोपताना उताणंच, जागेपणी पालथं, हा नियम हेल्मेट असतानाही तोच राहतो.

उताणं तर सगळीच बाळं झोपतात, मग काहींचंच डोकं का चपटं होतं? कमी दिवसांचं बाळ असेल तर कवटी जास्त मऊ असते आणि एनआयसीयूत एकाच कुशीवर बराच वेळ जातो. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असेल (याला टॉर्टिकॉलिस म्हणतात) तर बाळ मान एकीकडेच वळवतं. जुळ्यांना पोटात जागा कमी पडते. आणि ज्या बाळांचा टोन कमी असतो, म्हणजे अंग सैल असतं, ती ठेवलं तशीच पडून राहतात. हे शेवटचं नीट वाचा, कारण चपटं डोकं आणि विकासातला उशीर बऱ्याचदा जोडीने दिसतात ते डोकं चपटं झाल्यामुळे मेंदू दबतो म्हणून नव्हे, तर बाळ कमी हलतं म्हणून डोकंही चपटं होतं असं असू शकतं. म्हणून चपटं डोकं दिसलं की विकासाची तपासणीही मागून घ्या, कोणी आपणहून सुचवायची वाट बघू नका.

डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच: कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना? त्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात, ते क्वचित असतं पण त्याचा रस्ताच वेगळा, तिथे न्यूरोसर्जन लागतो आणि सांधा बंद असताना नुसतं हेल्मेट लावणं चूक आहे. वरून बघितलं तर पडून पडून चपटं झालेलं डोकं शाळेतल्या समांतरभुज चौकोनासारखं दिसतं, चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला, कपाळही त्याच बाजूला थोडं पुढे. मागचा सांधा बंद झाला असेल तर त्या बाजूचा कान बहुतेक वेळा मागे ओढलेला दिसतो. पण घरी बसून आपण निदान करायचं नाही, पेडिॲट्रिशियन हाताने सांधे तपासतात आणि शंका आली तरच सोनोग्राफी किंवा सीटी सांगतात. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना टाळू फुगलेली वाटली, उलट्या होत असतील, डोक्याचा घेर चार्टवर रेषा सोडून भराभर वाढत असेल तर हेल्मेटबिल्मेट नंतर, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

हेल्मेटच्या आधी मान आणि जमीन

बाळ चार महिन्यांच्या आत असेल तर बहुतेक डॉक्टर आधी हेच करायला सांगतात, आणि बऱ्याच बाळांचं एवढ्यावरच भागतं. मान आखडलेली असेल तर लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडून स्ट्रेच शिकून घ्या, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा आणि ते शिकवतात त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण घरी आल्यावर हात नेमका कुठे धरायचा हे हमखास विसरतं. यूट्यूब बघून मान ओढू नका.

बाकीचं घरातच आहे. बाळ उजेडाकडे, दाराकडे, तुमच्या आवाजाकडे वळतं, तर एक दिवस डोकं ठेवायचं त्या बाजूला पाय असं आलटूनपालटून झोपवा म्हणजे आपोआप दुसरीकडे मान वळेल. बाटलीने पाजत असाल तर हात बदला. खुळखुळा नावडत्या बाजूने वाजवा. कडेवर घेताना नेहमीचाच खांदा वापरला जातो, तो बदला. जागेपणी बाउन्सर, कारसीट, झोळी यात कमी ठेवा, कारण झोळीत बाळ गप्प राहतं खरं पण डोकं एकाच जागी टेकलेलं असतं आणि हातपाय मारायला जागा नसते.

आणि टमी टाइम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की जे बाळ अजून रांगत नाही त्याला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं, अर्थात जागं असताना आणि कोणीतरी समोर असताना. एकदम ३० मिनिटं कोणतंच बाळ ऐकत नाही. आमची दोन मिनिटांत नाक चटईला घासून भोकाड पसरायची. मग छातीखाली टॉवेलची गुंडाळी, कोपर खांद्याच्या खाली आणलेले, आणि समोर मी जमिनीवर आडवी, असं डायपर बदललं की दर वेळी दोन मिनिटं, याने बेरीज होत गेली. तुमच्या छातीवर पालथं घेतलं तरी ते मोजतात.

राईच्या उशीचं काय? आपल्याकडे घराघरात असते, आजीने प्रेमाने शिवलेली असते. पण झोपलेल्या बाळाच्या अंथरुणात उशी नको हा नियम राईच्या उशीलाही लागू आहे, आणि डोक्याला शेप देणाऱ्या बाजारातल्या उशांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये वापरू नका असा स्पष्ट इशारा दिलाय. मालिशवाल्या बाई डोकं दाबून गोल करून देते म्हणाल्या तर गोड बोलून थांबवा, हातपाय पाठ चोळा म्हणावं, डोकं आणि मान सोडून.

लावायचं की नाही

इथे इंटरनेटवर दोन टोकं भेटतील. खरं चित्र मधलं आहे. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, मध्यम ते बऱ्यापैकी चपटं डोकं असलेली ८४ बाळं, अर्ध्यांना सहा महिने हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही, आणि दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता, पूर्ण बरी झालेली साधारण पाव बाळं दोन्हीकडे. पण त्यात मान आखडलेली बाळं आणि अगदी गंभीर केसेस घेतल्याच नव्हत्या, आणि हेल्मेट सरकतं, फिरतं अशी तक्रार बहुतेक पालकांची होती. उलट अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन्सच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की पोझिशन बदलणं आणि फिजिओ करूनही मध्यम ते गंभीर चपटेपणा राहिला तर हेल्मेटचा विचार करावा. म्हणजे हलकं असेल तर पैसे वाचवा, गंभीर असेल, मान आखडलेली असेल आणि महिना दोन महिने नीट प्रयत्न करूनही हलत नसेल तर लावण्यात अर्थ आहे. माझं मत विचाराल तर ज्या घरात थेरपी आणि हेल्मेट यातलं एकच परवडतं तिथे डोळे झाकून थेरपी.

किती चपटं हे आकड्यात विचारा. डोक्याचे दोन तिरके व्यास मोजतात आणि त्यांच्यातल्या फरकाची टक्केवारी काढतात, तिला सीव्हीएआय म्हणतात. अटलांटाच्या मुलांच्या हॉस्पिटलची एक पट्टी खूप ठिकाणी वापरतात, तिच्यात ३.५ च्या खाली नॉर्मल, ६.२५ पर्यंत सौम्य, ८.७५ पर्यंत मध्यम, ११ पर्यंत गंभीर, त्याच्या वर अतिगंभीर. मागून सगळंच सपाट असेल तर वेगळा आकडा असतो, लांबीच्या मानाने रुंदी किती हा. आकडा न सांगता नुसतं "लगेच लावा, नाहीतर उशीर होईल" म्हणणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जा, विशेषतः तपासणाराच हेल्मेट विकणारा असेल तर.

वय मात्र महत्त्वाचं आहे. हेल्मेट डोकं दाबत नाही, ते फुगलेल्या बाजूला टेकून राहतं आणि चपट्या बाजूला रिकामी जागा ठेवतं म्हणजे वाढणारं डोकं तिकडे भरतं. म्हणून जेव्हा डोकं भराभर वाढतं तेव्हाच फायदा. चार ते सहा महिन्यांत सुरू केलं तर बरं, वर्षानंतर वेग मंदावतो आणि दीड वर्षानंतर सहसा लावत नाहीत. कमी दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून धरायचं का हे इथेही विचारा. आणि ज्या बाळाची मान अजून डुगडुगते त्याला ते वजन झेपेल का हे ऑर्थोटिस्टने (म्हणजे हेल्मेट बनवून बसवणाऱ्याने) नाही, फिजिओने सांगायचं.

माप आणि बिल

माप थ्रीडी स्कॅनरने घेतात, काही मिनिटांचं काम, डोक्यावर पातळ जाळीची टोपी चढवतात. जावळ काढायचं ठरलं असेल तर मापाच्या आधी काढून टाका, नंतर काढलं तर फिटिंग बदलतं. आमच्याकडे जावळाचा मुहूर्त पुढचा होता, मामाने सुट्टी घेऊन अलीकडे आणला.

पैसे भरायच्या आधी हे लेखी घ्या: किमतीत किती फॉलोअप येतात, आतला फोम घासून जागा करायचे वेगळे पैसे आहेत का, डोकं वाढून हेल्मेट लहान झालं तर दुसऱ्याचे किती, शेवटचा स्कॅन धरलाय का. ॲडजस्टमेंटला सुरुवातीला दर एक दोन आठवड्यांनी जावं लागतं, म्हणून नाशिक, सातारा, कोल्हापूरहून मुंबई पुण्याला येणार असाल तर प्रवासाचा खर्च हेल्मेटच्याच खर्चात धरा. इन्शुरन्सवाल्यांना आधी मेल करा, फोनवर "हो मॅडम होईल" म्हणाले त्याला काही किंमत नाही.

पहिला आठवडा

एकदम २३ तास नाही. साधारण असं चढवत नेतात: पहिल्या दिवशी एक तास घालून एक तास काढून, दुसऱ्या दिवशी दोन तास घालून एक तास काढून, मग चार तास, मग आठ, आणि आठवड्याच्या आत २३ तासांवर. तुमच्या ऑर्थोटिस्टने वेगळं सांगितलं तर तेच खरं. उरलेला एक तास आंघोळ, सफाई आणि डोक्याला हवा.

दर वेळी काढलं की उजेडात डोकं बघा. फुगलेल्या बाजूला गुलाबी डाग दिसणारच, तो तासाभरात गेला पाहिजे. तासाने तसाच लालभडक असेल, सोललं असेल, फोड असेल तर हेल्मेट बाजूला ठेवा आणि फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत रेटू नका. आम्ही दोन्ही वेळचे फोटो काढायचो, काढल्याकाढल्या आणि तासाने, ते ऑर्थोटिस्टला पाठवले की नेमकं कुठे घासायचं ते त्याला कळायचं. हेल्मेट डोळ्यावर येतंय किंवा गोल फिरतंय तर फिटिंग बिघडलंय, पट्टा आवळून ते सुधारत नाही.

बाळ दोन तीन दिवस चिडतं, झोप मोडते, आणि मग विसरतं. आपणच जास्त दिवस रडतो.

घाम, वास, तेल, ताप

आपल्या हवेत खरी परीक्षा इथे. पहिले काही दिवस डोकं गरम लागतं आणि काढलं की केस चिंब, नंतर बाळाचं शरीर बऱ्यापैकी जुळवून घेतं. कपड्यांचा एक थर कमी करा, सुती झबलं पुरे, पंखा लावा, आणि कुंची-टोपडं हेल्मेटच्या वर नाही नि खाली तर अजिबात नाही. काढलेल्या तासात आतून सर्जिकल स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकू द्या, ओलं चढवलं तर त्वचा जळजळते. तरी दोन आठवड्यांत आंबूस वास येतोच, सौम्य बेबी शाम्पूने मऊ ब्रश मारून पंख्याखाली वाळवलं की बराच जातो. उन्हात, गच्चीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, प्लास्टिकचा आकार बदलू शकतो.

तेल हा घरातला सगळ्यात नाजूक विषय. हेल्मेटखाली तेल, पावडर, लोशन काही नाही, फोम खराब होतो आणि घामोळं उठतं. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, "अगं टाळू भरल्याशिवाय कशी राहायची गं पोर?" मी म्हटलं, "आई, टाळू आपोआप भरते, डॉक्टर दर वेळी बघतातच, तुम्ही अंगाची मालिश मनासारखी करा, डोकं तेवढं सोडा." नुसतं नाही म्हणण्यापेक्षा काम वाटून दिलं की बरं पडतं, स्पिरिटने पुसायची आणि वही भरायची जबाबदारी त्यांनीच घेतली आणि मग माझ्यापेक्षा त्याच कडक झाल्या.

ताप आला, म्हणजे १००.४ किंवा वर, तर हेल्मेट काढायचं, उतरल्यावर परत. लसीनंतरच्या तापालाही हेच. उलट्या जुलाब, डोक्यावर पुरळ असेल तर डॉक्टरांना विचारून. एखादा दिवस बुडाला म्हणून काही बिघडत नाही, पण रोज सहा तास बुडाले तर लावण्यातच अर्थ नाही.

आता दुसरी फाइल

बाळ कमी दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून मोजतात. ३४ आठवड्यांची म्हणजे सहा आठवडे लवकर, तर कॅलेंडरने सात महिन्यांची लेक विकासाच्या हिशोबाने साडेपाच महिन्यांची. लसी मात्र कॅलेंडरच्या वयाने. शेजारच्या बाळाशी तुलना करायची खाज सुटली की हे आठवा.

दुसरं म्हणजे नॉर्मलची खिडकी खूप रुंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय बसली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, एकटी चालली ती ८.२ ते १७.६ महिन्यांत, आणि शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा काकू म्हणाल्या म्हणून घाबरू नका, पण "मुलगे उशिराच बोलतात", "ह्याचे बाबाही उशिरा चालले" यावर निवांतही बसू नका. या गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही: चार महिने होऊनही मान धरत नाही, मुठी कायम आवळलेल्या, वर्षाच्या आत एकच हात वापरतंय, अंग फार सैल किंवा फार ताठ, नजर देत नाही, नऊ-दहा महिन्यांत बा-बा दा-दा नाही. आणि येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं तर वय कोणतंही असो, ताबडतोब.

थेरपी सुरू करताना कारणं शोधायला सांगा. कानाची तपासणी, आवाजाकडे बघतो म्हणून ऐकू येतं असं गृहीत धरू नका. कमी दिवसांच्या बाळांची डोळ्यांची आरओपी तपासणी (डोळ्याच्या पडद्याची) पूर्ण झाली का. थायरॉइड. आणि आपल्याकडे हमखास विसरली जाणारी गोष्ट, बी-१२. आई शाकाहारी, तिचं बी-१२ कमी आणि बाळ फक्त अंगावर पितंय, अशा बाळांत सुस्ती आणि विकासात उशीर दिसू शकतो, आणि हे वेळेत सापडलं तर उपचार होतो. आईचीही तपासणी करून घ्या.

खाजगी थेरपी परवडत नसेल तर सरकारी रस्ता आहे आणि तो फुकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येतं, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारा, पथकाची वाट न बघता स्वतःही जिल्हा रुग्णालयात जाऊ शकता. मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, कानासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

थेरपिस्ट आठवड्यातून एखाद दोन तास भेटतात, बाकी सगळं घरी. म्हणून त्यांच्याकडून दहा व्यायामांचा कागद घेऊ नका, दोनच मागा आणि ते रोजच्या कामात बसवा. लंगोट बदलताना दोन्ही बाजूंना वळवून उचलायचं, एका झटक्यात सरळ नाही. आंघोळीनंतर पुसताना कुशीवर. भरवताना नितंब मागे टेकलेले आणि पाय कशावर तरी टेकलेले, लोंबकळते नाहीत, एवढ्याने धड किती सरळ राहतं ते बघा. हे सगळं हेल्मेट घालूनच करायचं, थेरपीसाठी काढायची गरज सहसा नसते. वॉकर आणू नका, कोणी भेट दिलं तरी.

वहीत रोज चार ओळी पुरेत: हेल्मेटचे तास, लाली, टमी टाइम, आणि आज नवीन काय केलं. दर पंधरा दिवसांनी डोक्याचा वरून एक फोटो, केस ओले करून, त्याच जागी, त्याच उजेडात. आणि एक मिनिटाचा व्हिडिओ जमिनीवर खेळतानाचा. डॉक्टरांसमोर बाळ रडतंच, तेव्हा हा व्हिडिओच उपयोगी पडतो.

माणसं

लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, लग्नात विचारणारच, "अगंबाई, पडलं का?", "ऑपरेशन झालंय का?" एक वाक्य पाठ करून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच द्या: "डोकं एका बाजूने चपटं होतं, शेपसाठी आहे, दुखत नाही." याच्यापुढे कोणाला काही देणं लागत नाही. उष्टावणाला, फोटोला त्या एका तासात काढा, सणावारी तेवढी सूट पुरते. हेल्मेटवर स्टिकर चालतात, आमच्या हेल्मेटवर काजळाची तीटही लागायची. विकासातल्या उशिराबद्दल मात्र सगळ्यांना सांगायची गरज नाही, जे मदत करणार आहेत त्यांनाच सांगा. आणि नवऱ्याला निदान एक थेरपी सेशन एकट्याने न्यायला लावा, म्हणजे त्याला निरोपातून नाही तर स्वतः कळतं.

काढायचं कधी

साधारण तीन चार महिने लागतात, काहींना जास्त. पहिला स्कॅन आणि शेवटचा स्कॅन शेजारी ठेवून आकडे बघा. शंभर टक्के गोल होत नाही, कोणाचंच नसतं. दोन स्कॅन लागोपाठ जवळपास सारखे आले आणि बाळ वर्षाच्या पुढे असेल तर आणखी महिनाभर ओढण्याने फारसं हाती लागत नाही, हे ऑर्थोटिस्टशी स्पष्ट बोला. मान अजून एकीकडे झुकत असेल तर फिजिओ चालू ठेवायचा.

हेल्मेट सुटलं की घरात सगळ्यांना वाटतं झालं एकदाचं, आणि नेमकी तेव्हाच थेरपीची अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते. म्हणून शेवटच्या फिटिंगच्या आठवड्यातच पुढची विकासाची तपासणी बुक करून टाका, दुरुस्त वयाने ९, १२, १८ आणि २४ महिन्यांची, आणि चारही तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये घाला, नवऱ्याच्याही.